ओल असताना सुकलेला हरभरा

दर्यापूर आणि मूर्तिजापूर यांच्या मधल्या काळ्या जमिनीत माझे माहेर आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला वऱ्हाडात खारपाणपट्टा म्हणतात. विहीर खणली की पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून नळ येण्यापूर्वी बायका पिण्याचे पाणी लांबून आणत, आणि पाहुण्यापुढे तांब्या ठेवताना "गोड पाणी आहे, घ्या" असे आवर्जून सांगावे लागे. गोड म्हणजे साखरेचे नव्हे, तर ज्यात मीठ नाही ते, हा अर्थ आमच्याकडच्या लेकरांना बोलायला लागल्यापासून ठाऊक असतो.

मी बारा वर्षांची असताना परतीचा पाऊस लवकर गेला आणि रब्बीचा हरभरा फुलावर असतानाच जमीन वरून तडकू लागली. आमच्याकडे हरभरा जमिनीतल्या साठलेल्या ओलीवरच काढतात. त्या वर्षी मात्र बाबांना राहवले नाही. भाड्याने डिझेल इंजिन आणून त्यांनी विहिरीचे पाणी दोन रात्री जागून वावराला दिले. आठ-दहा दिवसांत पाने कडेने करपली, शेंड्यांनी माना टाकल्या, आणि ज्याला थेंबभरही पाणी मिळाले नव्हते तो शेजारच्या वावरातला हरभरा, बारीक का होईना, हिरवा उभा राहिला. बाबा झाडाच्या बुडाशी बसले, मूठभर माती उकरून त्यांनी तिचा गोळा वळून पाहिला, आणि तो गोळा वळला. जमिनीत ओल होती. "पानी तं पोटभर देल्लं, मंग हे कावून कोमेजलं?" असे ते म्हणाले. प्रश्न मला विचारलेला नव्हता, तरी तो माझ्याजवळच राहिला. पुढे मी जीवशास्त्र शिकले, ते तालुक्याच्या गावी बावीस वर्षे शिकवले, आणि त्या सगळ्या वर्षांत पेशीचा धडा फळ्यावर लिहिताना मला ती मातीची मूठ दिसत आली.

उत्तर खरे तर पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात परातीत पडलेले होते. आई लोणच्याच्या कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून परात रात्रभर झाकून ठेवी, आणि सकाळी फोडी आक्रसलेल्या असत नि परातीच्या तळाशी बोटभर पाणी सुटलेले असे. पाणी कुठून आले, असे मी विचारले तेव्हा आई म्हणाली, "मीठ पानी ओढते, बाई." कैरीतून पाणी ओढणारे मीठ हरभऱ्याच्या मुळातूनही पाणी ओढू शकते, हे तेव्हा मला सुचले नाही आणि बाबांनाही सुचले नाही, कारण परात घरात होती आणि वावर घराबाहेर.

"मीठ पाणी ओढते" हे आईचे वाक्य व्यवहारापुरते पूर्ण आहे, पण मिठाला दोरी नसते. पाण्याचे रेणू कायम धडपडत असतात, एकमेकांवर आदळतात, वाट मिळेल तिकडे जातात. मधे असा पडदा असला की ज्यातून पाणी जाऊ शकते आणि मीठ जाऊ शकत नाही, तर ज्या बाजूला मीठ अधिक त्या बाजूच्या पाण्याची पडद्यातून पलीकडे निसटण्याची प्रवृत्ती कमी होते. पाणी दोन्ही दिशांनी जातच असते, मात्र गोड्या बाजूकडून खाऱ्या बाजूकडे जाणारे अधिक आणि उलट येणारे कमी. याला परासरण म्हणतात. पेशीच्या बाहेरचे द्रावण पेशीतल्या रसापेक्षा विरळ असेल तर ती फुगते, दाट असेल तर ती पाणी गमावते. वनस्पतीच्या पेशीत मग आतला जीवद्रव्याचा गोळा आक्रसून बाहेरच्या भित्तिकेपासून सुटतो, आणि त्या अवस्थेला पाठ्यपुस्तकात रससंकोच असा नेमका शब्द आहे. बाबांनी विहिरीचे पाणी दिले तेव्हा मुळांभोवतीची ओल मुळांतल्या रसाशी बरोबरी करू लागली. त्यात, पाणी उन्हाने उडून जाते आणि मीठ मागे राहते, म्हणून दर दिवसागणिक तो खारेपणा वाढत गेला. पाणी होते, पण झाडाच्या वाट्याला येणारे नव्हते. ओलीतला दुष्काळ यापेक्षा दुसरे नाव मला त्याला देता येत नाही.

हा पडदा कसला आहे, हे कळायला माणसाला बराच काळ लागला. १७४८ साली फ्रान्समध्ये जाँ-अंत्वान नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधले, ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले, आणि काही तासांत ते कातडे फुगून टम्म झालेले पाहिले. पाणी आत शिरले होते. ते कातडे नजरेला दिसणारे होते, पेशीचा पडदा मात्र साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही धड दिसत नाही. वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी दहा हजारांहून अधिक पटले एकावर एक मावतील. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी रक्तातील तांबड्या पेशींचा स्निग्धांश काढून घेतला, तो पाण्यावर एका रेणूच्या जाडीचा तवंग होईल असा पसरला आणि त्याचे क्षेत्रफळ मोजले. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरले. त्यांनी अनुमान काढले की पेशीभोवती स्निग्ध रेणूंचे दोन थर पाठीला पाठ लावून उभे असावेत. त्यांच्या मोजणीत चुका होत्या, हे पुढे दिसून आले, आणि त्या चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले, असेही दिसले. अनुमान मात्र टिकले. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे ज्या घरात ठाऊक आहे, तिथे पेशीने स्वतःभोवती तेलकट पडदा का घेतला असावा, हे समजायला अडचण पडू नये. प्राणवायू आणि कर्बवायू त्यातून सहज जातात. साखर अडते, मिठाचे विद्युतभारित कण तर पुरते अडतात.

मग पाणी कसे जाते? थोडेसे त्या थरांतून झिरपते, पण झाडाला आणि आपल्या मूत्रपिंडाला जेवढ्या वेगाने पाणी हलवावे लागते तेवढे झिरपून भागत नाही. याचे उत्तर अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर अॅग्रे यांना तांबड्या पेशींत सापडले. तिथे एक प्रथिन मोठ्या प्रमाणात आढळे आणि ते काय काम करते हे कुणालाही ठाऊक नव्हते. १९९२ साली त्यांच्या गटाने बेडकाच्या अंड्याला ते प्रथिन तयार करायला लावून पाहिले. बेडकाची अंडी डबक्यातल्या गोड्या पाण्यात दिवसचे दिवस सुखरूप राहतात, कारण त्यांचा पडदा पाण्याला फारसा दाद देत नाही. हे नवे प्रथिन मिळालेली अंडी मात्र गोड्या पाण्यात टाकताच फुगली आणि काही मिनिटांत फुटली. पाण्याचे दार सापडले होते. अशा एका दारातून सेकंदाला कोट्यवधी नव्हे, अब्जावधी रेणू एकामागे एक ओळीने जातात, आणि तरीही त्यातून मिठाचा कण जात नाही. २००३ साली अॅग्रे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही बातमी वर्तमानपत्रात वाचली त्या दिवशी मी अकरावीच्या मुलांना ठरलेला धडा बाजूला ठेवून बेडकाच्या अंड्याचीच गोष्ट सांगितली होती.

झाडांच्या मुळांतही ही दारे असतात आणि खाऱ्या ओलीत मूळ त्यातली बरीचशी मिटून घेते. मुळाच्या आत आणखी एक व्यवस्था आहे, जिच्याविषयी मला नेहमी आदर वाटत आला. मातीतले पाणी मुळाच्या बाहेरच्या पेशींच्या फटींतून बरेच आतपर्यंत कुणाला न विचारता येऊ शकते, पण मधल्या नळ्यांपाशी पोहोचण्यापूर्वी त्याला पेशींचे एक कडे ओलांडावे लागते, आणि त्या कड्यातल्या पेशींच्या सगळ्या सांधी पाणी शिरू न देणाऱ्या पट्टीने बुजवलेल्या असतात. तिला कास्पारी पट्टी म्हणतात. तिथे पाण्याला आणि त्यात विरघळलेल्या प्रत्येक पदार्थाला एखाद्या जिवंत पेशीच्या पटलातून जावेच लागते. काय घ्यायचे आणि काय नाही, याचा निवाडा तिथे होतो. हा निवाडा प्रत्येक पिकाचा वेगळा असतो. हरभरा मिठाच्या बाबतीत फार हळवा आहे आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, बरीच सोशीक. म्हणूनच आमच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या पऱ्हाटी टिकली. क्षार सोसणाऱ्या वनस्पती आत आलेला सोडियम पेशीच्या मधल्या मोठ्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत, कोंडून ठेवतात. तिथे तो कामकाजाच्या जागेपासून दूर राहतो आणि वर पाणी आत ओढून धरायला उपयोगीही पडतो. अडगळ माळ्यावर टाकून त्या वजनाने छप्पर वाऱ्यात स्थिर ठेवावे, तशी ही युक्ती आहे. ती फुकट मात्र होत नाही. सोडियमला त्या पिशवीत लोटण्यासाठी झाडाला आधी ऊर्जा खर्चून हायड्रोजनचे भारित कण एका बाजूला जमवावे लागतात, आणि ते परत उतरताना त्यांच्या जोरावर सोडियम आत जातो.

हरभऱ्याला हळवा म्हटले, पण त्याच्याविषयी एवढेच सांगून थांबले तर अन्याय होईल. थंडीच्या दिवसांत हरभऱ्याच्या पानांवरचे बारीक केस आम्ल पाझरतात. आमच्याकडे बायका रात्री पिकावर स्वच्छ धुतलेले फडके पसरतात, दव आणि ते आम्ल त्यात भिनते, आणि सकाळी फडके पिळून जी आंब निघते ती पोटदुखीसाठी बाटलीत जपून ठेवतात. बाहेरून आलेले मीठ ज्याला पेलत नाही, ते झाड आपल्या आत तयार केलेले आम्ल रोज पेशींबाहेर काढून पानांवर मांडत असते. त्यातले एक मुख्य आम्ल म्हणजे मॅलिक आम्ल, आणि कैरीच्या आंबटपणातही त्याचा वाटा असतो.

कैरीकडे पुन्हा वळते, कारण परातीतली गोष्ट मी अर्धी सांगितली. पहिल्या रात्री फोडीतून पाणी बाहेर येते, पण मीठ आत जात नाही. फोड मधून चावली तर आंबटच लागते. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी लोणचे मुरते. मुरणे या शब्दाला जीवशास्त्रात प्रतिशब्द नाही, तरी पेशीच्या दृष्टीने त्याचा अर्थ स्पष्ट आहे. तोवर फोडीतल्या पेशी मेलेल्या असतात, त्यांची पटले फाटलेली असतात, आणि मीठ, मोहरी, तिखट, तेल यांना आत जायला कुणाची परवानगी लागत नाही. जिवंत पेशीत काहीही असे मुरत नाही. तिथे एकेक पदार्थ आपल्या ठरलेल्या दाराने जातो, नाहीतर बाहेर थांबतो, आणि जो गळून आत आला त्याला उचलून बाहेर टाकावे लागते.

हे उचलून टाकणे किती खर्चाचे आहे, ते आपल्या शरीरातच पाहता येते. आपल्या पेशींच्या बाहेर सोडियम जास्त असतो आणि आत पोटॅशियम. पटल कितीही घट्ट असले तरी दोन्ही थोडे थोडे गळतात. १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंवर काम करताना ही गळती उपसणारे प्रथिन ओळखले. ऊर्जेचा एक रेणू खर्चून ते ३ सोडियम बाहेर टाकते आणि २ पोटॅशियम आत घेते, आणि हे काम क्षणभरही थांबत नाही. आपण खाटेवर निवांत पडलो असतानाही शरीर जी ऊर्जा खर्चते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा या उपसण्यात जातो. स्कू यांना नोबेल मिळाले ते १९९७ साली, शोधानंतर चाळीस वर्षांनी. भाकरीचा पाचवा घास आत-बाहेरचा फरक टिकवण्यासाठी जातो, असे मी वर्गात सांगत असे, आणि डबा खाऊन आलेली मुले त्यावर हसत नसत, गप्प होत असत.

सोडियमचा हा उतार शरीर वाया घालवत नाही. याचा अनुभव आमच्या घराने घेतला तेव्हा आम्हाला त्याचे शास्त्र ठाऊक नव्हते. माझा धाकटा भाऊ अडीच वर्षांचा असताना त्याला हगवण लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहू लागली. नर्सबाई आल्या, त्यांनी गोड पाणी उकळून गार करायला लावले, एक लिटरमध्ये सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवले आणि चमच्या-चमच्याने पाजायला सांगितले. आजी आडवी आली. "लेकराले मीठ पाजता का? आपल्या शिवारात मीठ कमी हाय काय?" ज्या बाईने उभी पिके मिठाने जाताना पाहिली होती, तिला हे पटणे कठीणच होते. नर्सबाईंनी वाद घातला नाही. त्या खाटेजवळ बसल्या आणि रात्री अकरापर्यंत स्वतः चमचा धरून राहिल्या. पहाटे भावाने लघवी केली, तेव्हा आजीच रडली.

आतड्याच्या पेशींत एक दार असे आहे की ते एकट्या सोडियमला किंवा एकट्या साखरेला उघडत नाही; ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन कण आले की दोन्ही मिळून आत जातात, आणि त्यांच्या मागे पाणी येते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे ही कल्पना मांडली. पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, विष आतड्यातून क्लोराइड आणि त्यामागे पाणी बाहेर ओतायला लावते, परंतु साखर आणि सोडियमचे हे जोडदार शाबूत राहते. हे विष असते आणि ते आतड्यात काम करते, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले होते. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. छावणीतला मृत्यूंचा आकडा सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आला. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९७८ साली या शोधाला शतकातील बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. हयात असताना देशाने त्यांची एवढी दखल घ्यायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. आमच्या नर्सबाईंच्या चमच्यामागे ते होते, हे मला पंचवीस वर्षांनी कळले.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना दिले ते असेच उशिरा, आणि ते देताना जमिनीविषयीही बोलावे लागले. आमच्या भारी काळ्या मातीच्या कणांवर सोडियम बसला की ते कण एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि मातीतल्या बारीक वाटा बुजवतात; मग पावसाचे चांगले पाणीही मुरत नाही, वावर चोपण होते. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि सुटलेला सोडियम पावसाबरोबर खाली धुऊन जातो. बाबांनी ऐकून घेतले. पुढच्या वर्षांत त्यांनी जिप्सम टाकले, वावराच्या उतारावर शेततळे घेतले, आणि हरभऱ्याला एखादे पाणी द्यायची वेळ आलीच तर ते त्या तळ्यात साठवलेल्या पावसाचे दिले. विहिरीवरचे इंजिन परत कधी आले नाही.

गेल्या दिवाळीनंतर बाबा काही दिवस माझ्याकडे राहायला आले होते. वय झाले, गुडघे दुखतात, तरी येताना पिशवीत वावरातली पाच-सहा फुटलेली बोंडे घेऊन आले. मी त्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले आणि एका सरकीवरचा एक धागा वेगळा करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कापसाचा प्रत्येक धागा ही एक अखंड पेशी असते, हे मी त्यांना सांगितले. फूल उमलते त्या दिवशी कोवळ्या सरकीच्या सालीवरच्या हजारो पेशी फुगीर होतात, आणि पुढचे सुमारे तीन आठवडे प्रत्येक पेशी लांबत जाते, इतकी की तिची लांबी जाडीच्या हजार पटींहून अधिक होते. तिला लांबवते ते पाणी. ती पेशी आपल्या रिक्तिकेत पोटॅशियम, साखर आणि आंबेतले तेच मॅलिक आम्ल साठवते, त्यामागे पाणी आत येते, आणि लांबण्याचा जोर असतो तेव्हा शेजारच्या पेशींशी जोडणाऱ्या सूक्ष्म वाटाही ती काही दिवस बंद करून घेते, म्हणजे आतला दाब निसटू नये. मग आतून सेल्युलोजचे थर चढतात, पेशी मरते, बोंड फुटते, उन्हात पाणी उडून जाते, आणि गोल नळी चपटी होऊन स्वतःभोवती पीळ घेते. त्या पिळामुळेच एक धागा दुसऱ्याला धरून राहतो आणि सूत निघते.

बाबांनी चश्मा काढून डोळा नळीला लावला. पीळ पडलेली पांढरी फीत त्यांना दिसायला थोडा वेळ लागला, मग ते बराच वेळ हलले नाहीत.

"हे सारं पानी प्याल्यानं वाढलं?" त्यांनी विचारले.

"हो बाबा."

"आपल्या हिरीचं?"

"नाही. पावसाचं."

त्यांनी मान हलवली, डोळा न काढता हाताने चाचपून मेजावरचे उरलेले बोंड जवळ ओढले, आणि मला म्हणाले, "दुसरा धागा लाव. आंदीचा बारीक व्हता."